हाताचं लिहिणं, नव्या पानावर

(चैत्रात झालेल्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या मंडळाने मला विषय दिला तो असा: कागदाची वही सोडून ई-इंकच्या टॅब्लेटवर लिहावं का? प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटात दोन वेगळे प्रश्न आहेत. एक लिहिण्याचा, दुसरा लिहिलेलं टिकण्याचा. या साधनांची जाहिरात होते ती पहिल्या प्रश्नावर. दुसऱ्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. माझा पेशा मोडी कागद वाचण्याचा. दिवसाचा बराच वेळ दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या कारकुनांच्या अक्षरात जातो, आणि त्या वाचनाची टिपणं मी काही वर्षांपासून ई-इंकच्या टॅब्लेटवर घेतो आहे. त्यामुळे हे दोन्ही प्रश्न मला रोज एकाच टेबलावर भेटतात. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला ते तपासून घेता येईल. लिहिण्यासाठी हे साधन मनापासून स्वीकारावं. दप्तर म्हणून मात्र त्याच्यावर विसंबू नये.

आधी ही वस्तू काय आहे ते नीट पाहू. आपल्या मोबाइलचा किंवा नेहमीच्या टॅब्लेटचा पडदा स्वतः उजेड टाकतो, आणि आपण तासन् तास त्या दिव्याकडे बघत बसतो. ई-इंकचा पडदा उजेड टाकत नाही. खोलीतला उजेड, खिडकीतलं ऊन त्याच्यावर पडतं आणि कागदावरून परतावं तसं परततं. म्हणून भर उन्हात, जिथे मोबाइलवर काही दिसेनासं होतं, तिथे हा पडदा उलट जास्त स्वच्छ दिसतो. अंधारात मात्र, वेगळा दिवा बसवलेला नसेल तर, काहीच दिसत नाही.

हे साधतं कसं? पडद्याच्या आत अगदी बारीक कुप्यांचा एक थर पसरलेला असतो. एकेक कुपी साधारण माणसाच्या केसाच्या जाडीची. भिजवलेला साबुदाणा ताटात एकसारखा पसरावा तसा हा थर, फक्त दाणा डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक. प्रत्येक कुपीत पारदर्शक द्रव असतो आणि त्यात दोन प्रकारचे कण, पांढरे आणि काळे. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात वापरतात त्याच द्रव्याचे. काळ्यांवर आणि पांढऱ्यांवर परस्परविरुद्ध विद्युतभार असतो. खालून विजेचा हलका दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्या रंगाचे तळाला जातात. काळे वर आले की तिथे काळा ठिपका दिसतो, आणि अशा ठिपक्यांची अक्षरं बनतात. यातली सगळ्यात मोलाची गोष्ट अशी की कण एकदा वर आले की तिथेच राहतात. वीज लागते ती पान बदलताना. पान नुसतं दिसत राहायला वीज लागत नाही. उघडं पान टेबलावर ठेवून तुम्ही जेवायला गेलात, तरी परत येईपर्यंत ते पान काही खर्च न करता तसंच राहतं.

या कल्पनेचा इतिहास बराच लांबचा आहे. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात निक शेरिडन यांनी अर्धे काळे, अर्धे पांढरे असे सूक्ष्म गोळे विजेने फिरवून कागदासारखा पडदा करून पाहिला होता. कुप्यांची युक्ती आली ती मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मीडिया लॅबमधून. जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कॉमिस्की आणि जे. डी. अल्बर्ट यांनी ती बसवली. १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी निघाली, १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये लिब्रिए नावाचं वाचनयंत्र विकायला काढलं, २००७ च्या नोव्हेंबरात ॲमेझॉनचं किंडल आलं.

इथे थोडं थांबू या. वाचनाची यंत्रं २००४ पासून बाजारात आहेत. लिहिण्याची यंत्रं रुळायला मात्र आणखी बरीच वर्षं लागली. सोनीचं कागदाच्या आकाराचं लेखनयंत्र २०१३ मधलं, आणि नॉर्वेतल्या ओस्लोच्या रिमार्केबल कंपनीचा पहिला टॅब्लेट २०१७ मधला. त्याच सुमारास ओनिक्सचा बुक्स आणि सुपरनोट, पुढे कोबो एलिप्सा, आणि २०२२ मध्ये किंडल स्क्राइब. एवढा उशीर का? कारण वाचणारा माणूस थांबायला तयार असतो. पान उलटायला अर्धा सेकंद लागला तर त्याचं काही बिघडत नाही. लिहिणाऱ्याचा हात थांबत नाही. पेनाचं टोक पुढे गेलं आणि शाई मागून रखडत आली, तर दुसऱ्याच शब्दाला माणूस वैतागतो. कुप्यांमधले कण द्रवातून वर यायचे आहेत, त्याला वेळ लागणारच. तो वेळ कमी करत आणणं हेच या क्षेत्रातलं खरं काम होतं. २०२० च्या रिमार्केबल २ बद्दल कंपनी २१ मिलिसेकंदांचा आकडा सांगते. तेवढ्या वेळात हाताला फरक जाणवत नाही म्हटलं तरी चालेल.

पेनाचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. यातल्या बहुतेक टॅब्लेटांचं पेन वाकॉम या जपानी कंपनीच्या पद्धतीचं असतं. त्यात बॅटरी नसते. पडद्याखाली तारांच्या बारीक वेटोळ्यांची एक पाटी असते, ती चुंबकीय लहरी सोडते. पेनाच्या आतलं वेटोळं त्या लहरींनी जागं होतं आणि उत्तर देतं. त्या उत्तरावरून टोक कुठे आहे, किती दाबलंय, हे पडद्याला कळतं. पेन संपत नाही, चार्ज करावं लागत नाही. झिजतं ते टोक, कारण पडदा मुद्दाम थोडा खरखरीत केलेला असतो. बोटांना तो खरखरीतपणा लागतो, कानाला बारीकसा आवाज येतो, आणि हात ताब्यात राहतो. ज्यांनी काचेवर लिहून पाहिलंय त्यांना या खरखरीतपणाची किंमत कळेल. गुळगुळीत काचेवर कोणाचंही अक्षर बिघडतं.

मराठी लिहिणाऱ्याला याचं महत्त्व आणखी जास्त आहे. रोमन अक्षरं बरीचशी एका ओघात, पुढे पुढे जात लिहिता येतात. देवनागरीत हात सारखा उचलावा लागतो. आधी अक्षराची उभी-आडवी अंगं, मग वर जाऊन वेलांटी, मागे येऊन अनुस्वार, आणि शब्द संपला की वरून शिरोरेघ. म्हणजे टोक पुन्हा पुन्हा लिहून झालेल्या जागी परत येतं. जाड काचेच्या टॅब्लेटवर टोक आणि उमटणारी रेघ यांत थोडं अंतर राहतं. त्याने रोमन लिहिणाऱ्याचं फारसं अडत नाही, पण आपला अनुस्वार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि शिरोरेघ अक्षरांच्या डोक्यातून जाते. ई-इंकच्या चांगल्या टॅब्लेटवर हे अंतर जवळजवळ जाणवत नाही. शिवाय तळहात पडद्यावर टेकवून लिहिता येतं, कारण पेन जवळ असताना पडदा हाताचा स्पर्श मोजत नाही. मी हाताचं लिहिणं मराठीतच करतो, आणि या एका कारणासाठीही मला हे साधन चमकत्या टॅब्लेटपेक्षा उजवं वाटतं.

मोडीत क्रम उलटा असतो. कारकून आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरं त्या रेघांना लटकवत जाई. माझ्याकडे मोडी शिकायला येणाऱ्यांसाठी मी टॅब्लेटमध्ये तसंच पान बनवून ठेवलंय, फक्त वरच्या रेघांचं. शाळेच्या दुरेघी वहीचं, चौकटीच्या वहीचं पानही असंच बनवता येतं आणि हवं तितक्यांदा घेता येतं. कित्ता गिरवायला पानं पुरत नाहीत ही अडचण इथे उरत नाही.

एक सावधगिरी मात्र इथेच सांगतो. हाताने लिहिलेलं छापील अक्षरांत बदलून देण्याची सोय या यंत्रांत असते आणि विक्रेता ती फार उत्साहाने दाखवतो. दाखवतो ती इंग्रजीत. देवनागरीतल्या आपल्या जोडाक्षरांवर ती तितकीच चालेल असं गृहीत धरू नका. हे काम होणारच नाही असंही नाही. गुगलने २०१५ मध्येच मोबाइलवर बोटाने लिहिलेली देवनागरी ओळखणारी सोय दिली होती. पण प्रत्येक यंत्रात ती आहे का, आणि तुमच्या अक्षराला ती पुरते का, हे तुम्हालाच पाहावं लागेल.

आता हाताने लिहिण्याचा आणि डोक्याचा संबंध. याबद्दल खूप बोललं जातं आणि त्यातलं पुष्कळसं घाईचं असतं. मला दोन प्रयोग शेजारी शेजारी ठेवावेसे वाटतात, कारण ते वेगवेगळ्या दिशांना ओढतात.

पहिला नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठातला, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथे ३६ विद्यार्थ्यांच्या डोक्याला २५६ संवेदक लावून, शब्द हाताने लिहिताना आणि कळफलकावर टंकताना मेंदूत काय चालतं ते मोजलं. हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांमधला संबंध कितीतरी दाट दिसला. टंकताना त्यांना एकच बोट वापरायला सांगितलं होतं, हे लक्षात ठेवून तो निष्कर्ष वाचावा. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातली खरी गोष्ट वेगळी आहे. ते विद्यार्थी कागदावर लिहीत नव्हते. ते डिजिटल पेनाने पडद्यावर लिहीत होते. म्हणजे मेंदूत जे घडलं ते अक्षर वळवणाऱ्या हातामुळे. कागद तिथे नव्हताच.

दुसरा प्रयोग टोकियो विद्यापीठातला, २०२१ चा. ४८ जणांना एक संवाद वाचायला देऊन त्यातल्या भेटीगाठींच्या तारखा आणि वेळा टिपून घ्यायला सांगितलं. कोणी कागदाच्या डायरीत, कोणी टॅब्लेटवर पेनाने, कोणी मोबाइलवर. तासाभराने त्यावर प्रश्न विचारले आणि तेव्हा मेंदूचं चित्रण केलं. कागदवाल्यांचं टिपण साधारण ११ मिनिटांत झालं, टॅब्लेटवाल्यांना १४ आणि मोबाइलवाल्यांना १६ मिनिटं लागली. आठवताना कागदवाल्यांच्या मेंदूत स्मरणाशी निगडित भाग जास्त जागा होता. संशोधकांचं म्हणणं असं की कागदावर प्रत्येक टिपणाला ठाव असतो. डावं पान, वरचा कोपरा, जरा तिरकी गेलेली ओळ, दुमडलेला कान. पडद्यावर पान सरकतं आणि ठाव पुसला जातो. त्या प्रयोगातला टॅब्लेट चमकत्या पडद्याचा होता, ई-इंकचा नव्हता, तरी ठाव हरवण्याची अडचण ई-इंकवरही तशीच आहे. हातात वही असली की माणसाला कळतं, अमुक गोष्ट वहीच्या पहिल्या पाव हिश्श्यात आहे. टॅब्लेटमध्ये पहिलं पान आणि तीनशेवं पान बोटांना एकसारखंच लागतं.

मला दोन्ही प्रयोग पटतात, आणि दोन्हींतून मिळून एक गोष्ट हाती येते. हाताचं लिहिणं या साधनात शाबूत राहतं. जागेची आठवण राहत नाही, तेवढी आपण मुद्दाम उभी करायला हवी.

ती कशी करायची, याचं उत्तर मला आपल्या जुन्या पेढ्यांवर सापडलं. पेढीवर दोन वह्या असत. रोजकीर्दीत जे घडेल ते तारखेप्रमाणे, आलं तसं लिहायचं. मग सवडीने त्यातली एकेक नोंद खतावणीत त्या त्या माणसाच्या, त्या त्या खात्याच्या पानावर उतरवायची. लिहिताना वर्गवारीचा विचार करायचा नाही आणि वर्गवारी करताना घाई करायची नाही, असं ते शहाणपण आहे. टॅब्लेटवर मी हेच करतो. एक रोजकीर्द, तारीखवार. प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख, ठिकाण आणि एका ओळीत विषय. आठवड्याच्या शेवटी बसून त्यातली पानं विषयवार वह्यांत उतरवायची. कागदावर हे काम म्हणजे पुन्हा सगळं लिहून काढणं. इथे पान उचलून दुसऱ्या वहीत ठेवता येतं, त्याची प्रतही काढता येते. एका सरंजामाच्या वादावरचं टिपण मला त्या घराण्याच्या वहीत हवं असतं आणि गावाच्या वहीतही. कागदाला हे जमत नाही. खतावणी करण्याची ही बैठक मात्र सोडायची नाही. ती सोडली की वर्षभरात टॅब्लेटचा उकिरडा होतो, आणि मग लोक म्हणतात की यंत्र वाईट.

समोर बसलेल्यांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली बरीच दिसतायत, म्हणून तुमच्यासाठी वेगळं सांगतो. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत ९ लेखी पेपर असतात, तीन-तीन तासांचे, कागदावर, शाईने. त्या तीन तासांत मनगट कागदाशी झगडत असतं. घाम, पानाचा गुळगुळीतपणा, बॉलपेनचा दाब, पुसता न येण्याची धास्ती. हा सराव टॅब्लेटवर होत नाही. उत्तरलेखन कागदावरच करा, तेही उत्तरपत्रिकेसारख्याच कागदावर. पण वाचन, पीडीएफमधले अहवाल, त्यांच्या समासात नोंदी, नकाशांवर खुणा, यासाठी ई-इंक तुमचे डोळे आणि पाठीवरचं ओझं दोन्ही वाचवेल. आणि त्याच्यावर बहुधा व्हॉट्सॲप नसतं. बुक्ससारख्या काही यंत्रांत अँड्रॉइड असतं, त्यांच्यावर ते टाकता येतं. अभ्यासासाठी घेत असाल तर टाकू नका.

आता खाडाखोडीबद्दल, कारण माझ्या पेशाचा तो प्राण आहे. जुन्या कागदात एखादं नाव खोडून वर दुसरं लिहिलेलं असतं. कधी रकमेचा आकडा बदललेला असतो. कधी पत्राच्या मसुद्यात आधी कडक वाक्य असतं आणि मग ते खोडून मवाळ वाक्य घातलेलं असतं. पाठवलेल्या पत्रात फक्त मवाळ वाक्य असतं. मसुदा हाती लागला की कळतं, त्या दिवशी लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं. इतिहास अशा खाडाखोडीतून बोलतो. टॅब्लेटवर पुसणं फार सोपं आहे. पेन उलटं केलं, दोनदा फिरवलं, झालं. मागे ओरखडाही उरत नाही. कवी, कथाकार, वैज्ञानिक, अर्ज लिहिणारा कार्यकर्ता, सगळ्यांच्या मसुद्यांचं असंच होणार असेल, तर पुढच्या अभ्यासकाला फक्त शेवटची स्वच्छ प्रत मिळेल. म्हणून माझी विनंती आहे: टॅब्लेटवर लिहिताना पुसू नका, खोडा. मसुदा बदलायचा तर पानाची प्रत काढून त्या प्रतीवर बदला. जागा भरपूर आहे, तिची काटकसर करायची गरज नाही.

आता दुसरा प्रश्न, टिकण्याचा. इथे मला थोडा वेळ घेऊ द्या.

इतिहाससंशोधक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून घरांच्या माळ्यांवरून, देवघरांच्या कपाटांतून कागद गोळा करत. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला, त्यात पानिपतपर्यंतच्या काळातली पत्रं आहेत. ते कागद कोणी जपले होते? बहुतेकदा कोणीच नाही. रुमालात बांधून कुठेतरी टाकले होते आणि विसरले होते. पुढे रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले. ते दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही वाचता येतं. जुन्नरचा, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद चिंध्यांच्या आणि लांब धाग्यांच्या लगद्याचा, शाई काजळीची. काजळी म्हणजे कार्बन, तो उडत नाही. तो कागद अजून मऊ आहे, पानं उलटता येतात. वाळवी आणि पाणी एवढे दोन शत्रू टळले, तर विसरलेला कागदही दोन-अडीच शतकं तग धरतो. सगळा कागद असा नाही हेही खरं. त्याच्यानंतरचा, लाकडाच्या स्वस्त आम्लयुक्त लगद्याचा शंभर वर्षांचा कागद हातात घेतला की चुरा होतो. पण एकंदरीत कागदाला मालकाचं लक्ष लागत नाही. डिजिटल फाइलला सतत लक्ष लागतं. बॅटरी मरते, यंत्र जुनं होतं, कंपनी फाइलचा साचा बदलते, खात्याचा पासवर्ड मालकाबरोबरच जातो. माळ्यावर विसरलेल्या टॅब्लेटमधून दोनशे वर्षांनी कोणाला काही वाचता येईल असं मला वाटत नाही.

आणि लिहिलेलं हरवायला ते विसरण्याचीही गरज नाही. २००९ च्या जुलैमध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही पुस्तकं वाचकांच्या किंडलमधून दुरून काढून घेतली, कारण ज्याने ती विकायला ठेवली होती त्याच्याकडे हक्क नव्हते. पैसे परत दिले. पण मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलाने त्यांतल्या एका पुस्तकावर अभ्यासाची टिपणं काढली होती, ती पुस्तकाशिवाय निरर्थक झाली. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली, प्रकरण न्यायालयात गेलं, तडजोड झाली. त्या मुलाच्या टिपणांवर त्याचा हक्क होता यात कोणाला शंका नव्हती. फक्त ती कुठे राहतात याच्यावर त्याचा ताबा नव्हता. चीनमध्ये याच कंपनीने ३० जून २०२३ रोजी किंडलचं पुस्तकांचं दुकानच बंद केलं. रिमार्केबलने ऑक्टोबर २०२१ मध्ये काही सोयींना मासिक वर्गणी लावली, ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी ती सैल केली. कंपन्यांनी धंदा करावा, त्यात गैर काही नाही. पण आपल्या हस्ताक्षरातल्या वह्या अशा वर्गणीवर आणि मर्जीवर सोडून द्यायच्या का, हा निर्णय आपला आहे.

म्हणून मी टॅब्लेटला कच्ची वही मानतो. पक्कं दप्तर वेगळं. खतावणी झाली की ती वही पीडीएफ करून बाहेर काढायची, शक्य असेल तर पीडीएफ/ए या साच्यात. तो खास दीर्घकाळ जपण्यासाठी बनवलेला साचा आहे आणि २००५ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवायच्या. फाइलचं नाव तारखेने सुरू करायचं, म्हणजे शंभर फाइलींतही क्रम बिघडत नाही. आणि जे आपल्या पश्चात कोणाला लागेल असं वाटतं, ते चांगल्या, आम्लरहित कागदावर छापून बांधून ठेवायचं. घराण्याची हकीगत, आजीकडून लिहून घेतलेल्या ओव्या, शेताच्या हद्दी, संस्थेच्या बैठकींचे मसुदे. ही छपाई अवघड नाही, महागही नाही. ती करण्याची सवय लागणं अवघड आहे.

किमतीबद्दल आणि झाडांबद्दल विचारलं जाईल म्हणून थोडक्यात. चांगला टॅब्लेट अमेरिकेतही स्वस्त नाही, आपल्याकडे आयातकरासह तो आणखी महाग पडतो. ज्याला वर्षाला पाच-सहा वह्या लागतात त्याने हा खर्च कागद वाचवण्यासाठी करू नये, तो कधीच वसूल होणार नाही. झाडं वाचतात हा मुद्दाही मला फारसा पटत नाही. आपल्याकडचा पुष्कळ कागद उसाच्या चिपाडापासून, रद्दीपासून आणि शेतात लावलेल्या सुबाभूळ-निलगिरीपासून बनतो, आणि यंत्रालाही धातू, काच, बॅटरी लागतेच. वर्षाच्या शेवटी उरलेल्या कोऱ्या पानांची वही शिवणाऱ्या घरांनी कागद आधीच पुरेसा वाचवलेला आहे. हे साधन त्याने घ्यावं, ज्याला खूप वाचायचं आहे, वाचताना हाताने लिहायचं आहे, आणि लिहिलेलं पुन्हा पुन्हा हलवून लावायचं आहे. संशोधक, वकील, संपादक, शिक्षक, संगीतकार, पाठभेदांसाठी प्रती तपासणारे. त्यांच्यासाठी, माझ्या मते, गेल्या पन्नास वर्षांत हस्ताक्षराला मिळालेली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे. कळफलकाने हात जवळजवळ निवृत्त केला होता, या साधनाने तो पुन्हा कामावर आणला.

शेवटी दोन परीक्षा सांगतो. विकत घेण्याआधी त्या करून बघा, आणि दुकानात करू देत नसतील तर ओळखीच्या कोणाचा टॅब्लेट तासभर मागून घ्या. पहिली: त्याच्यावर पानभर मराठी लिहा, तुमच्या नेहमीच्या वेगात, जोडाक्षरं, अनुस्वार, शिरोरेघ सगळ्यासकट. अक्षर तुमचंच दिसतंय का ते बघा. दुसरी: लिहिलेलं ते पान वर्गणी न भरता, खातं न उघडता, साध्या तारेने तुमच्या संगणकावर पीडीएफ म्हणून काढून दाखवा म्हणावं. पहिल्या परीक्षेत नापास झालेला टॅब्लेट तुमच्या कामाचा नाही. दुसऱ्या परीक्षेत नापास झालेला कितीही सुरेख असला तरी घेऊ नका.